पहिला नंबर कुणाचा?

वाद मिटवण्याच्या दोन रीती आहेत आणि जबलपूरला त्या दोन्ही ठाऊक आहेत. या शहरात मध्य प्रदेशाचं उच्च न्यायालय आहे आणि इथल्या छावणीत ग्रेनेडियर्स व जम्मू-काश्मीर रायफल्स या रेजिमेंटांची केंद्रंही आहेत. न्यायालयात अर्ज, पुरावे आणि तारखा. छावणीत हातमोजे चढवायचे आणि तीन फेऱ्यांत काय तो निकाल लावायचा. फौजेचं आणि बॉक्सिंगचं नातं जुनं आहे. पदमबहादुर मल्ल, हवासिंग, कौरसिंग हे आपले गाजलेले बॉक्सर फौजेतूनच आले. ‘अमुक वजनगटात पहिला कोण’ हा प्रश्न मात्र इतका चिवट की गेल्या काही वर्षांत तो रिंगणातही गेला, न्यायालयातही गेला, आणि तरी शिल्लकच राहिला.

जबलपूरच्या मराठी माणसाला यात आणखी एक पेच असतो. १९५६ पर्यंत जबलपूर आणि नागपूर एकाच प्रांतात होती आणि राजधानी नागपूरला होती. पुढे प्रांत मोडला, जबलपूर भोपाळच्या राज्यात राहिलं, पण सोयरिकी नागपूरकडच्या त्या राहिल्याच. त्यामुळे ६६ किलो गटातली मंजू बांबोरिया मध्य प्रदेशची म्हणून आपली, आणि सर्वांत वजनदार गटातली अल्फिया पठाण नागपूरची म्हणून तीही आपलीच. मी इथे बोलणार आहे ते मुख्यतः अल्फियाच्या गटाबद्दल, कारण ‘पहिलं कोण’ या वादात माणसं जिथे जिथे अडखळतात त्या सगळ्या जागा या एका गटात सापडतात.

२०२१ च्या एप्रिलमध्ये पोलंडमधल्या किएल्त्से शहरात युवा गटाची जागतिक स्पर्धा झाली. भारताच्या मुलींनी तिथून सात सुवर्णपदकं आणली. त्यातलं ८१ किलोवरच्या गटातलं पदक अल्फियाचं. अंतिम लढतीत तिने मोल्दोव्हाच्या दारिया कोझोरेझला ५-० असं हरवलं. पुढच्या वर्षी जुलैमध्ये ती कझाकस्तानात एलोर्डा चषकासाठी उतरली. ही मोठ्यांची स्पर्धा. अंतिम फेरीत समोर यजमानांची लज्जत कुंगेइबायेवा होती, २०१६ ची जागतिक विजेती. घरचं रिंगण, घरचे प्रेक्षक, गाठीशी अनुभव, सगळं लज्जतच्या बाजूने असताना पाचही पंचांनी कौल दिला नागपूरच्या मुलीला. नोव्हेंबरात जॉर्डनमध्ये अम्मानला तिने आशियाई सुवर्णही मिळवलं. मात्र ती अंतिम लढत पुरती झालीच नाही. जॉर्डनची इस्लाम हुसैली पहिल्याच फेरीत अपात्र ठरली.

चार महिन्यांनी, मार्च २०२३ मध्ये, दिल्लीत महिलांची जागतिक स्पर्धा भरली. या गटात भारताकडून उतरली हरियाणाची नूपुर श्योराण, हवासिंगांची नात. उपांत्यपूर्व फेरीत तिच्यासमोर आली तीच लज्जत. नूपुर ४-३ अशी निसटती हरली. लज्जत पुढे अंतिम फेरीपर्यंत गेली आणि तिथे मोरोक्कोच्या खदिजा मर्दीकडून पराभूत झाली.

आता कागद-पेन्सिल घेणारे पुढे सरसावतात. अल्फियाने लज्जतला हरवलं. लज्जतने नूपुरला हरवलं. म्हणजे अल्फिया नूपुरपेक्षा सरस. लज्जत जगात दुसरी आली, म्हणजे तिला ५-० हरवणारी अल्फिया निदान दुसरी तरी, कदाचित पहिलीच! नागपूरकर हा हिशेब चहा संपायच्या आत मांडतात आणि जबलपूरचे आपण मान डोलावतो. हिशेब सुबक आहे. खोट एवढीच की बॉक्सिंगला तो लागू पडत नाही.

का नाही, हे पाहायला १९७० च्या दशकातल्या हेवीवेट गटाइतकं चांगलं उदाहरण नाही. मार्च १९७१ मध्ये जो फ्रेझरने मुहंमद अलीला हरवलं. जानेवारी १९७३ मध्ये जॉर्ज फोरमनने त्याच फ्रेझरला जमैकात दुसऱ्याच फेरीत संपवलं. त्याच मार्चमध्ये केन नॉर्टनने अलीचा जबडा मोडला आणि लढतही जिंकली. पुढच्या मार्चमध्ये फोरमनने नॉर्टनलाही दोन फेऱ्यांत आडवं केलं. कागदाचा हिशेब धरला तर फोरमन सगळ्यांच्या वर, फ्रेझर आणि नॉर्टन मध्ये आणि अली तळाशी. ऑक्टोबर १९७४ मध्ये किन्शासाला अली आणि फोरमन समोरासमोर आले तेव्हा जाणकारांना अलीची काळजी वाटत होती ती याच हिशेबामुळे. अलीने दोरांना टेकून फोरमनचे ठोसे दंडांवर आणि कोपरांवर झेलले, त्याला दमवला आणि आठव्या फेरीत जमिनीवर पाडला.

याचं कारण शैलीत आहे. फ्रेझर खाली वाकून, सतत पुढे सरकत अंगाला भिडणारा. दूर राहून नाचत ठोसे मारणाऱ्या अलीला तो जाचायचा. पण पुढेच येत राहणारा माणूस फोरमनच्या अवजड ठोशांच्या टप्प्यात आपण होऊन चालत यायचा. एकाची ताकद दुसऱ्यासमोर गुण ठरते आणि तिसऱ्यासमोर तीच अडचण. म्हणून ‘क ने ख ला हरवलं, ख ने ग ला हरवलं’ या साखळीवरून क आणि ग यांच्याबद्दल फार थोडं कळतं. त्यात वेळेचाही फरक असतो. जुलै २०२२ ची लज्जत आणि मार्च २०२३ ची लज्जत ही एकच बाई असली तरी एकच बॉक्सर असेल असं नाही. आठ महिन्यांत दुखापत भरून येते, वजन बदलतं, प्रशिक्षक नवा डाव शिकवतो.

५-० आणि ४-३ या आकड्यांनीही फसायला होतं. ५-० म्हणजे धुव्वा नव्हे. आंतरराष्ट्रीय हौशी बॉक्सिंगमध्ये पाच पंच बसतात. प्रत्येक पंच फेरी जिंकणाऱ्याला १० आणि हरणाऱ्याला बहुधा ९ गुण देतो, फार मोठा फरक दिसला तर ८. तीन फेऱ्यांपैकी दोन एकीने घेतल्या तर बेरीज २९-२८. पाचही पंचांनी असं २९-२८ लिहिलं तरी फलकावर ५-० झळकतं. म्हणजे हा आकडा पंचांच्या एकमताचा आहे, जिंकणारीने किती मारलं त्याचा नव्हे. ४-३ चं गणित आणखी वेगळं. तेव्हाच्या नियमानुसार पाच पंचांत ३-२ अशी फूट पडली की निकाल फेरतपासणीला जाई आणि आणखी दोघांची गुणपत्रिका जमेस धरली जाई. नूपुरची लढत इतकी चुरशीची होती. त्या दिवशी एका पंचाने एक फेरी वेगळी पाहिली असती तर साखळीचा मधला दुवाच उलटा फिरला असता.

आपण मराठी माणसं कुस्तीवर वाढलेली. पाठ टेकली की निकाल, फडातल्या शेवटच्या माणसालाही तो दिसतो. गुणांवरची कुस्ती आली आणि तिथेही भांडणं सुरू झाली. जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात महाराष्ट्र केसरीच्या लढतीत महेंद्र गायकवाडला सिकंदर शेखविरुद्ध दिलेल्या चार गुणांवरून पंढरपूरपासून परभणीपर्यंत पंचांचा उद्धार झाला होता. बॉक्सिंगचा पाया तर गुणांचाच आहे, आणि पंचांच्या नजरेवरचा अविश्वास या खेळाच्या पाचवीला पुजलेला. १९८८ च्या सोल ऑलिम्पिकमध्ये मनोज पिंगळे आणि शाहुराज बिराजदार हे आपले बॉक्सर उतरले होते. त्याच स्पर्धेत अमेरिकेच्या रॉय जोन्सने अंतिम लढतीत कोरियाच्या पार्क सी-हुनपेक्षा दुपटीहून अधिक ठोसे लावले आणि तो ३-२ असा हरला. त्या गदारोळानंतर ठोसा दिसला की पंचांनी बटण दाबायचं अशी संगणकी पद्धत आली. २०१२ नंतर तीही गेली आणि दहा गुणांची पद्धत आली. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकनंतर तर तिथे काम केलेल्या सगळ्या ३६ पंचांना पुढच्या ऑलिम्पिकपासून दूर ठेवावं लागलं. एका लढतीचा निकालच जिथे वादात, तिथे अशा अनेक निकालांवर उभी केलेली क्रमवारी कितीशी पक्की असणार?

तरीही क्रमवारी असते आणि तिचं एक मर्यादित काम आहे. स्पर्धेचा तक्ता लावताना दोन बलाढ्य बॉक्सर पहिल्याच फेरीत एकमेकांवर आदळू नयेत म्हणून मानांकन लागतं. ठरावीक स्पर्धांतल्या पदकांना ठरावीक गुण, त्यांची बेरीज, झाली यादी. २००९ च्या सप्टेंबरात विजेंदर सिंग ७५ किलो गटात अशा यादीत जगात पहिला आला. २०२० मध्ये अमित पंघाल ५२ किलो गटात पहिला आला, तेव्हा आपल्याकडे टोकियोचं सुवर्ण जवळजवळ वाटूनच झालं होतं. टोकियोत अमित पहिल्याच लढतीत कोलंबियाच्या युबेर्जेन मार्टिनेझकडून हरला. अव्वल नंबर खोटा होता का? नव्हता. मागच्या काही स्पर्धांत कुणी सातत्याने पदकं घेतली, एवढंच तो सांगत होता. पुढच्या लढतीचं भविष्य त्यात लिहिलेलं नव्हतं, ते आपण वाचलं.

उलटंही घडतं. निखत जरीन २०२२ मध्ये इस्तंबूलला ५२ किलोत आणि २०२३ मध्ये दिल्लीत ५० किलोत जागतिक विजेती झाली. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकला ती गेली तेव्हा तिच्या नावापुढे मानांकनच नव्हतं. ज्या आयबीए या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या स्पर्धांत तिने ती सुवर्णं जिंकली, त्याची मान्यता ऑलिम्पिक समितीने २०२३ मध्ये काढून घेतली होती आणि पॅरिसचं बॉक्सिंग समितीने स्वतःच भरवलं होतं. निखत दुसऱ्याच लढतीत अव्वल मानांकित चीनच्या वू यूसमोर गेली आणि हरली. दोन वेळची जगज्जेती बिनमानांकित, हे ऐकायला विचित्र वाटतं, पण यादी करणाऱ्याने कोणत्या स्पर्धा मोजायच्या हे ठरवलं की अर्धा निकाल तिथेच लागतो.

व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये हा गोंधळ चौपट आहे. तिथे १७ वजनगट आणि चार मोठ्या संघटना: डब्ल्यूबीए, डब्ल्यूबीसी, आयबीएफ आणि डब्ल्यूबीओ. प्रत्येकीचा पट्टा वेगळा, यादी वेगळी. ऑगस्ट २०१७ मध्ये मुंबईत वरळीला विजेंदरने चीनच्या झुल्पिकार मैमैतिअलीला हरवलं, ते या चौघींपैकी फक्त डब्ल्यूबीओच्या प्रादेशिक पट्ट्यांसाठी होतं, हे त्या रात्री नाचणाऱ्या किती जणांना माहीत असेल कोण जाणे. याच डब्ल्यूबीओने डॅरिन मॉरिस नावाच्या अमेरिकी बॉक्सरला २००१ मध्ये सातव्या क्रमांकावरून पाचव्यावर चढवलं होतं. अडचण इतकीच की मॉरिस आदल्या वर्षीच वारला होता. त्याआधी, १९७७ मध्ये, ‘द रिंग’ या सर्वांत प्रतिष्ठित मासिकाच्या यादीत काही बॉक्सरांच्या नावावर न झालेले विजय चढवले गेल्याचं उघड झालं आणि त्या यादीवर आधारलेली दूरचित्रवाणीवरची आख्खी स्पर्धाच बंद करावी लागली. मासिकाची स्थापना १९२२ ची, अब्रू पन्नास वर्षांची, आणि ती घालवायला एक हंगाम पुरला.

बुद्धिबळासारखी गणिती क्रमवारी इथे का लावत नाहीत, असं कुणी विचारेल. लावतात, पण तिला खाऊ घालायला सामने लागतात. बुद्धिबळपटू वर्षात कितीतरी डाव खेळतो आणि गणिताला त्याची खरी पातळी हळूहळू सापडते. नामांकित व्यावसायिक बॉक्सर वर्षातून दोनदा लढला तर खूप, आणि प्रतिस्पर्धी निवडताना त्याचे व्यवस्थापक धोका टाळतात. नॉर्टन आणि फ्रेझर दोघेही अलीशी तीन-तीनदा लढले, एकमेकांशी एकदाही नाही. सर्वांत वजनदार महिला गटात तर देशोदेशीच्या खेळाडूच थोड्या. एवढ्याशा सामग्रीवर दशांशात गुण काढणं म्हणजे नुसता देखावा.

मग निवड करायची कशी? इथेच पेटतं. २०१९ मध्ये ५१ किलो गटात मेरी कोमला जागतिक कांस्यपदकाच्या जोरावर चाचणीशिवाय पुढे पाठवण्याची भाषा सुरू झाली. निखतने क्रीडामंत्र्यांना जाहीर पत्र लिहून चाचणी मागितली. बरीच आरडाओरड झाली, मेरीच्या सहा विश्वविजेतेपदांचे दाखले दिले गेले. अखेर २८ डिसेंबरला दिल्लीत लढत झाली आणि मेरीने ती ९-१ अशी जिंकली. लढतीनंतर हस्तांदोलनही झालं नाही, हे वाईट दिसलं. पण प्रश्न सुटला. निखतला उत्तर मिळालं, मेरीला तिकीट मिळालं आणि पाहणाऱ्यांना दोन्ही पटलं.

२०२३ च्या दिल्लीतल्या स्पर्धेआधी भारतीय बॉक्सिंग महासंघाने ही रीत मोडली. एका दिवसाच्या चाचणीऐवजी शिबिरात काही आठवडे खेळाडूंचं मूल्यमापन करून संघ निवडला. डिसेंबर २०२२ मध्ये भोपाळला राष्ट्रीय सुवर्ण जिंकलेल्या मंजू रानी, शिक्षा नरवाल आणि पूनम पूनिया या तिघी वगळल्या गेल्या आणि दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. न्यायालयाने निवडीत हात घातला नाही, आणि ते योग्यच होतं. कुणाचा डावा ठोसा चांगला हे न्यायमूर्तींनी ठरवायचं काम नव्हे. मंजू रानीच्या ४८ किलो गटात निवडलेल्या नीतू घंघासने सुवर्ण जिंकलं, तेव्हा मूल्यमापनवाल्यांनी ते आपलं प्रमाणपत्र म्हणून मिरवलं. मला हा युक्तिवाद पटत नाही. नीतू जिंकली यावरून नीतू चांगली हे सिद्ध होतं. वगळलेली हरलीच असती, हे त्यावरून कसं सिद्ध होणार?

मूल्यमापनाच्या बाजूने सांगण्यासारखं अजिबात नाही असं नव्हे. एका दिवशी ताप असतो, हात दुखावलेला असतो, पंचाची नजर चुकते. शिबिरात महिनाभर पाहिलं तर खेळाडूची पातळी जास्त खरी दिसू शकते. पण ते आकडे बंद दाराआड असतात. चाचणी सगळ्यांदेखत होते. निवड ही नुसती योग्य असून भागत नाही, हरलेल्याला ती योग्य वाटावीही लागते. म्हणून माझं मत चाचणीला, आणि शक्य असेल तर एका लढतीऐवजी दोन लढतींच्या चाचणीला.

‘पहिलं कोण’ या एका प्रश्नाच्या पोटात खरं तर तीन प्रश्न दडलेले असतात. आजवर कुणी जास्त कमावलं? आज समोरासमोर आल्या तर कोण जिंकेल? आणि पुढच्या संधीवर हक्क कुणाचा? पहिल्याचं उत्तर पदकांच्या नोंदीत मिळतं. दुसऱ्याचं रिंगणाबाहेर मिळत नाही. तिसऱ्याचं नियमांत असायला हवं आणि ते नियम स्पर्धेच्या आधी जाहीर व्हायला हवेत. मेरी आणि निखत यांच्या वादात एक गट पहिल्या प्रश्नाचं उत्तर देत होता आणि दुसरा तिसऱ्याचं मागत होता, म्हणून ती भांडणं महिनोन् महिने चालली. आपल्या अल्फिया-नूपुर वादातही तेच होतं. नागपूर पदकं दाखवतं, हरियाणा निवड दाखवतं.

तर मग निवाडा. २०२२ या वर्षापुरतं आणि आंतरराष्ट्रीय पदकांपुरतं बोलायचं तर ८१ किलोवरच्या गटात भारतात पहिली जागा अल्फियाची. माजी जगज्जेतीवर तिच्याच देशात मिळवलेला विजय आणि आशियाई सुवर्ण, यापुढे दुसऱ्या कुणाचा दावा टिकत नाही. तिला दिल्लीच्या स्पर्धेआधी नूपुरसमोर सर्वांदेखत चाचणी मिळायला हवी होती, असं माझं ठाम मत आहे. मात्र गाडी तिथे थांबलेली नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये लिव्हरपूलच्या जागतिक स्पर्धेत नूपुर ८० किलोवरच्या गटात अंतिम फेरीत पोहोचली आणि पोलंडच्या अगाता काच्मार्स्काकडून ३-२ अशी हरली. जागतिक रौप्यपदक हे आशियाई सुवर्णापेक्षा वजनदारच, तेव्हा आज त्या गटातला पहिला नंबर नूपुरचा. नागपूरच्या पाहुण्यांना हे सांगताना जबलपूरकरांनी जरा जपून सांगावं. आणि दोघींच्याही बाजूने भांडणाऱ्यांनी एक गोष्ट विसरू नये: पॅरिस ऑलिम्पिकमध्ये महिलांचा सर्वांत वजनदार गट ७५ किलोचा होता, त्यामुळे या गटात पहिली ठरलेल्या मुलीलाही त्या ऑलिम्पिकचं दार बंदच होतं.